पाचवं पेव

त्या जुन्या इंजिनला एक गोष्ट जमायची नाही:
खोलीवर खोली.
राक्षस जमायचे, आगीचे गोळे, तेजाबाचे हौद,
चावी घेतली की करकरत उघडणारी दारं.
पण वर घर आणि खाली पेव,
ही हरिपुरातली साधी गोष्ट
त्याच्या गणितात बसत नव्हती.

सन्मती मगदूम तीन आठवडे तिथंच अडला.
विश्रामबागेतला कॅफे, तासाला पंचवीस,
रात्री दहानंतर पंधरा,
कीबोर्डच्या फटीत चिवड्याची डाळ.
वडिलांच्या अडतीवरून तो तसाच यायचा,
नखांच्या कडा पिवळ्या.
माऊसवर अंगठा उमटायचा हळदीचा,
कॅफेवाला भोसेकर रोज थुंकी लावून पुसायचा.

मग त्यानं फसवलं.
पेवाच्या तोंडाशी न दिसणारी रेघ ओढली.
रेघेवर पाय पडला की खेळणारा
नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडायचा
आणि त्याला वाटायचं, आपण खाली उतरलो.
"उतरणं म्हणजे काय लेका,
अंधार बदलला की माणूस उतरला."

पॅक सात लेव्हलींचा.
मी एसटी स्टँड केला. फलाट तिरके आले, तसेच ठेवले.
मिरजेच्या जमीर सतारमेकरनं नकाशा केलाच नाही,
त्यानं बंदुकीचा आवाज काढून टाकला
आणि जागी तंबोऱ्याची तार तुटतानाचा बसवला.
दुकानात, वडील जेवायला गेल्यावर,
चाळीस रुपयांच्या माइकसमोर, खऱ्या तारा तोडून.
सहा तोडल्या म्हणे.
त्यामुळं आमच्या सांगलीत गोळी सुटली
की वाटायचं, कुणीतरी गाणं अर्ध्यात टाकून उठलं.

हरिपुरात आधी दोरीनं कंदील सोडतात.
तेवत राहिला तर माणूस उतरतो.
विझला तर झाकण उघडं ठेवून
सगळे बाजूला बसतात, तंबाखू मळतात.
सन्मतीनं तेच घातलं.
कंदील विझलेला असला
की तळाला पाय टेकताच जीव ओसरायला लागतो.
राक्षस नाही, सापळा नाही,
शंभराचे नव्वद, नव्वदाचे ऐंशी,
अगदी शांतपणे.
फिनलंडच्या कुणा पोरानं मेल टाकला, इथं चूक आहे.
होतं तेवढ्या इंग्रजीत सन्मतीनं कळवलं:
चूक नाही. हवा आहे.

पुढच्या वर्षी कृष्णा चढली, पेवांत पाणी गेलं.
कुजल्या हळदीचा वास नाकात किती दिवस.
मग कुणी मुरूम ओतला, कुणी प्लॉट पाडले.
आमची पेवं कोरडी राहिली,
एका फ्लॉपीत, चौदाशे केबीत.

परवा मुलीच्या लॅपटॉपवर चालवून बघितली.
"हे असे काय," ती म्हणाली,
"कागदाचे कापल्यासारखे? आणि मी कुठूनही गेले
तरी माझ्याकडेच तोंड?"
तेव्हा आम्हाला ते कधी खटकलं नव्हतं.

शेवटी पडद्यावर हिशेब येतो.
मारले: सगळे.
गुपितं: पाचांतली चार.
वीस वर्षं झाली, पाचांतली चारच.

सन्मतीला फोन लावला.
कुपवाडला त्याचं पंपांचं दुकान, मागं ग्राइंडर चालू.
"पाचवं? न्हाई गा. चारच केल्ती मी."
"मोजणीत पाच येतात."
"मग चूक असंल."
ग्राइंडर थांबला.
"कंदील सोडून बघितलास?"

भिंतीतून चालायचा कोड अजून बोटांत आहे.
मुलगी म्हणाली, टाक की.
मी लॅपटॉपचं झाकण उघडंच ठेवलं
आणि बाजूला बसलो.